डब्लिनमध्ये बर्फ का पडत नाही? २०२३-२४ च्या हिवाळ्यानंतर एका ताईंना दिलेलं लांबलचक उत्तर

मूळ प्रश्न थोडक्यात असा होता. ताई ऑगस्ट २०२३ मध्ये नाशिकहून डब्लिनला आल्या, राहतात डन लेअरीला, समुद्र अगदी जवळ. मुलगी सात वर्षांची, तिला बर्फाचा माणूस करायचाय. नोव्हेंबरपासून वाट बघतायत, फोनवरच्या ॲपमध्ये कितीतरी वेळा बर्फाचं चित्र आलं आणि दर वेळी पाऊसच पडला. वर कहर म्हणजे १ मार्चला किल्डेअरमध्ये राहणाऱ्या ऑफिसच्या मैत्रिणीने अंगणातल्या स्नोमॅनचे फोटो टाकले, आणि यांच्याकडे त्याच वेळी नुसती रिपरिप. तर हा हिवाळा विचित्र होता की इथे असंच असतं, हे हवामान बदलामुळे झालं का, आणि पुढच्या वर्षी तरी पडेल का?

खाली कोणी दोन शब्दांत "क्लायमेट चेंज" लिहून मोकळं झालंय, कोणी "कॅनडाला जा" म्हणालंय. दोन्ही उत्तरांनी ताईंचं काही भलं होणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी हवामान खात्यातला माणूस नाही, हौशी आहे, पण विकलोतल्या ब्लेसिंग्टनला घरामागे वेदर स्टेशन लावून बरीच वर्षं नोंदी ठेवतोय आणि हिवाळ्यात रोज चार्ट बघायची खोड आहे (बायको याला दुसरं काहीतरी म्हणते).

ताई, तुमचा खरा प्रश्न "थंडी का पडली नाही" हा नाहीये. थंडी तुम्हाला वाजलीच असणार. खरा प्रश्न असा आहे की उत्तर ध्रुवाच्या दिशेने इतकं वर येऊनसुद्धा पाऊस बर्फ का होत नाही. नकाशात बघा, डब्लिन ५३ अंश उत्तरेला आहे. समुद्रापलीकडे कॅनडात लॅब्राडोरमधलं गूज बे जवळपास त्याच अक्षांशावर आहे आणि तिथे जानेवारीचं सरासरी तापमान उणे १५ च्याही खाली असतं. आपल्याकडे जानेवारीची सरासरी अधिक ४ ते अधिक ७, म्हणजे केरीच्या किनाऱ्याला जास्त आणि आत मिडलँड्समध्ये कमी. अक्षांश एकच आणि फरक वीस डिग्रीचा, याचं कारण वारा कुठून येतो ते.

शाळेत आपण सगळे "गल्फ स्ट्रीममुळे" असं लिहून मार्क घेऊन आलोय. ते चूक नाही पण अर्धंच आहे. गूज बेला हिवाळ्यात वारा येतो तो गोठलेल्या कॅनडावरून, आणि आपल्याकडे येतो तो हजारो किलोमीटर अटलांटिकवरून घासत. समुद्राने उन्हाळाभर साठवलेली उष्णता तो हिवाळाभर हळूहळू सोडत राहतो. आपल्या भोवतीचं पाणी भर हिवाळ्यातसुद्धा साधारण ८ ते १० डिग्री असतं, आयरिश समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याहून थोडा खाली जातो. म्हणजे पश्चिमेकडून येणारी हवा मुळात कितीही गार असली तरी इथे पोचेपर्यंत खालून शेकली गेलेली असते. वर आइसलँडजवळ कमी दाब, खाली अझोर्सजवळ जास्त दाब, आणि मधून जेट स्ट्रीम (खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा) थेट आपल्या डोक्यावर, हा इथला हिवाळ्याचा ठरलेला संसार आहे. तो मोडला तरच बर्फ.

नाशिकच्या माणसाला हे निफाडवरून पटकन पटेल. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा ५ च्या खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही लहानपणापासून वाचल्या असतील. अशाच एखाद्या रात्री डब्लिनमध्ये नैऋत्येचा वारा आणि ढग असतील तर इथे ९ किंवा १० डिग्री असू शकतात, म्हणजे निफाड गार आणि डब्लिन उबदार! निफाडला आकाश निरभ्र, हवा कोरडी, जमिनीतली उष्णता रात्रभर सरळ वर निघून जाते, आणि इथे वर ढगांचं पांघरूण आणि बाजूला समुद्र. तरीपण इथली ५ डिग्री हाडात शिरते ती वारा आणि ओल यामुळे, ते वेगळं.

आता तुमचा पहिला प्रश्न, हा हिवाळा विचित्र होता का. उबदार होता हे नक्की, पण विचित्र म्हणणार नाही. २०२३ हे आयर्लंडच्या नोंदींमधलं सगळ्यात उबदार वर्ष ठरलं, देशाची सरासरी पहिल्यांदाच ११ डिग्रीच्या वर गेली. डिसेंबर वादळी आणि सौम्य, १० तारखेला लीट्रिम गावात चक्क टोर्नेडो येऊन गेला, छपरं उडाली. जानेवारीच्या मध्याला आठवडाभर खरी थंडी आली होती, तुम्हाला आठवत असेल तर सकाळी गाड्यांच्या काचा पांढऱ्या झालेल्या, ऊन स्वच्छ पडलेलं, पण बर्फ नाही. ती थंडी उत्तरेकडून आलेली होती. उत्तरेचा वारा डब्लिनला पोचायच्या आधी अख्ख्या अल्स्टरवरून, म्हणजे बेटाच्या उत्तर भागावरून येतो आणि त्याच्याकडे जे काही असतं ते डोनेगल-अँट्रिमला टाकून येतो, आपल्या वाट्याला कोरडी थंडी. वायव्येचा वारा असेल तर मेयो, स्लायगोला बर्फाच्या सरी आणि डब्लिनला निळं आकाश. इथल्या हौशी लोकांची ही जुनी रड आहे की थंडी असते तेव्हा पाणी नसतं आणि पाणी असतं तेव्हा थंडी नसते.

त्या थंडीनंतर लगेच २१ जानेवारीला ईशा वादळ (आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या ईशाला दोन दिवस सगळ्यांनी छळलं), दोन लाखांहून जास्त घरांची लाईट गेली, मग मागोमाग जोसलिन. अटलांटिकचं दार सताड उघडं. फेब्रुवारी तर इतका उबदार गेला की डॅफोडिल लवकर येऊन लोकांनी लॉन कापायला काढली.

आणि मग १ मार्च. हवामानशास्त्राच्या हिशेबात हिवाळा म्हणजे डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, म्हणजे अधिकृत हिवाळा २९ फेब्रुवारीला बिनबर्फाचा संपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वसंताच्या पहिल्या दिवशी, डब्लिन, किल्डेअर, विकलोच्या काही भागांत पांढरं झालं. नोंदवहीत हिवाळा कोराच! हा दिवस मात्र तुमच्या अख्ख्या प्रश्नाचं उत्तर आहे म्हणून जरा त्याच्यावर थांबतो.

त्या सकाळी हवा काही फार गार नव्हती, जमिनीलगत दोन-तीन डिग्री, म्हणजे ॲपच्या भाषेत पाऊस. पण आपल्या डोक्यावर हिवाळ्यात जो पाऊस पडतो तो बहुतेक वेळा वर बर्फच असतो, खाली येताना शेवटच्या काहीशे मीटरमध्ये वितळतो. वितळायला उष्णता लागते आणि ती तो आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतो, शिवाय थोडं पाणी वाफ होऊन आणखी ओढतं, माठातलं पाणी गार होतं तसंच. पाऊस भुरभुर असेल तर या गारव्याचा काही परिणाम दिसत नाही. पण पाऊस जोरात असेल, तासनतास एका जागी असेल आणि वारा पडलेला असेल, तर खालचा हवेचा थर हळूहळू शून्याकडे घसरत जातो आणि मग वितळायलाच काही उरत नाही, पावसाचा बर्फ होतो. त्या सकाळी हेच झालं, आणि म्हणूनच जिथे सर जोरात तिथे बर्फ आणि थोडं पुढे गेलं की चिखल असा प्रकार होता.

ब्लेसिंग्टन साधारण २०० मीटर उंचीवर आहे त्यामुळे आमच्याकडे हा बदल नीट बघता येतो. अशा वेळी मी थर्मामीटरपेक्षा समोरच्या रस्त्यावरच्या दिव्याकडे बघतो. दिव्याच्या उजेडात पावसाचे थेंब सरळ रेघेसारखे खाली येतात. मग मधेच एखादा थेंब आळशीपणा करायला लागतो, जरा तिरका जातो, हेलकावतो. मग असे दोन, पाच, आणि काही वेळाने रेघा संपतात आणि सगळंच तरंगायला लागतं. त्या वेळी स्टेशनवर तापमान १ च्या आसपास असतं आणि ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) शून्याला टेकलेला. हे बघायला रात्री दोन वाजता उठणारे लोक या देशात भरपूर आहेत, मी एकटा नाही.

मग डन लेअरीला काय झालं? तुमच्या शेजारी समुद्र, त्याचं पाणी ८-९ डिग्री, वारा तिकडून आत येणारा. खालचा थर जितका गार होणार तितका समुद्र पुन्हा गरम करणार. तुमच्यापासून किल्डेअर गाडीने तास-सव्वा तासावर असेल, पण बर्फाच्या दृष्टीने मधे एक-दीड डिग्रीचं अंतर आहे आणि आयर्लंडमधला सगळा बर्फ त्या एक-दीड डिग्रीत अडकलेला असतो. मेट एरनच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या, जुन्या आकडेवारीत नैऋत्य किनाऱ्यावर वर्षातून पाचेक दिवस बर्फ पडताना दिसतो आणि मिडलँड्सच्या उत्तर भागात चोवीसेक दिवस, इतक्याशा देशात इतका फरक. आणि हे "पडताना दिसतो" हां, जमिनीवर टिकतो असं नाही. दोन फुलं तरंगली तरी तो दिवस मोजला जातो.

अजून एक गोष्ट, ती पांढरी दिसली की नवीन आलेले लोक फोटो टाकतात. वायव्येच्या सरीत छोटे पांढरे गोळे पडतात, गाडीच्या बॉनेटवर टपटप उडतात आणि बोटात धरले तर चुरतात. तो धड बर्फही नाही आणि गारही नाही, इथले लोक त्याला ग्रॉपेल म्हणतात. पाच मिनिटं जमीन पांढरी करून जातो. त्याचा माणूस होत नाही, प्रयत्न करून झालाय. तसंच सकाळचं गवतावरचं पांढरं म्हणजे दहिवर, महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दवबिंदू गोठल्याची बातमी दर वर्षी येते ना तेच ते. निरभ्र रात्री जमीन आणि गाडीचा टप हवेपेक्षा जास्त गार होतात, त्यामुळे ॲपवर अधिक २ असलं तरी काच खरवडावी लागते.

आता दुसरा प्रश्न, हवामान बदल. इथे मला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. एका बिनबर्फाच्या हिवाळ्यावरून काही सिद्ध होत नाही. १९८८-८९ आणि १९८९-९० हे लागोपाठचे दोन हिवाळे असेच उबदार गेले होते. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकात बरेच हिवाळे सौम्य गेल्यावर लोक म्हणायला लागले की आता आयर्लंडमधला बर्फ इतिहासजमा, आणि मग आलं २०१०. त्या वर्षी जानेवारी गोठलेला आणि डिसेंबर त्याहून वाईट, बऱ्याच स्टेशनांवर नोंदींमधला सगळ्यात थंड डिसेंबर. ख्रिसमसच्या दिवशी मेयोमध्ये स्ट्रेडला उणे १७.५. देशाचा विक्रम स्लायगोच्या मार्क्री कॅसलचा उणे १९.१, तो १८८१ चा, म्हणजे २०१० फार लांब राहिलं नाही.

पण दुसऱ्या बाजूने बघा. १९९१ ते २०२० ची देशाची सरासरी १९६१ ते १९९० पेक्षा ०.७ डिग्रीने जास्त आहे. ०.७ ऐकायला काहीच वाटत नाही, आणि गूज बेला बर्फाच्या दृष्टीने खरंच काही वाटणार नाही, उणे १७ चं उणे १६ झालं तरी बर्फ तो बर्फच. आपल्याकडे मात्र बर्फ पडतोच मुळी अधिक १ आणि शून्याच्या मधे, त्यात ०.७ ची भर पडली तर काठावरच्या सगळ्या केसेस पावसात जातात. माझं मत असं की मोठे बर्फ, दहा-वीस वर्षांतून एकदा येणारे, ते येत राहतील कारण त्यांना थंडी भरपूर असते. जाताहेत ते छोटे, जानेवारीतल्या मंगळवारी सकाळी दोन इंच पडून दुपारी वितळणारे. जुने शेजारी "आमच्या लहानपणी दर वर्षी पडायचा" म्हणतात ते हेच छोटे बर्फ, आणि थोडी त्यांची स्मरणशक्तीपण आहे, कारण बहुतेकांना आठवतो तो जानेवारी १९८२, ज्यात डब्लिन इतकं ठप्प झालं की उपपंतप्रधान मायकल ओ'लिअरींना "बर्फमंत्री" नेमावं लागलं. खरंच.

तिसरा प्रश्न, पुढच्या वर्षी पडेल का. कोणालाच माहीत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये पेपरात "या वर्षी विक्रमी हिमवर्षाव" अशी हेडलाईन येईल ती वाचून सोडून द्या, ती दर वर्षी येते. काय झालं तर पडतो ते मात्र सांगता येतं.

मोठा बर्फ येतो पूर्वेकडून. स्कँडिनेव्हिया किंवा ग्रीनलँडवर जास्त दाबाचा डोंगर बसला, अटलांटिकचं दार बंद झालं, आणि रशिया-बाल्टिककडची कोरडी गोठलेली हवा युरोपवरून इकडे आली की ती आयरिश समुद्र ओलांडते. खाली समुद्र ७-८ डिग्री, वर दीड किलोमीटरवर उणे १०, मग समुद्रावर सरी तयार होतात आणि एका रांगेत किनाऱ्यावर येतात, रडारवर पट्टे दिसतात त्यांना स्ट्रीमर म्हणतात. एका पट्ट्याखाली दहा सेंटिमीटर आणि शेजारच्या उपनगरात ऊन, असं होतं. वारा पूर्व-ईशान्येचा असेल तर आइल ऑफ मॅन मधे येतं आणि त्याच्या आडोशाला मीथ आणि उत्तर डब्लिन कोरडे राहतात. हा "आइल ऑफ मॅन शॅडो" इथल्या हौशी लोकांच्या शिव्या खाण्यात एक नंबरवर आहे. डन लेअरीसाठी चांगली बातमी म्हणजे अशा वेळी किनाऱ्यालाही बर्फ मिळतो, कारण हवा इतकी गार असते की समुद्राचं काही चालत नाही.

२०१८ मध्ये हेच झालं. १२ फेब्रुवारीला ध्रुवाच्या वर स्ट्रॅटोस्फिअर (वातावरणाचा वरचा थर) अचानक तापलं, तिथला पोलर व्होर्टेक्स, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणाऱ्या गार हवेचा भोवरा, फुटला, दोनेक आठवड्यांनी पूर्वेचा वारा सुरू झाला, २८ तारखेपासून सरी, आणि त्यावर दक्षिणेकडून एमा वादळ येऊन आदळलं. अख्ख्या देशाला रेड वॉर्निंग, दुकानांतून ब्रेड गायब, डब्लिनच्या टाला उपनगरात कोणीतरी जेसीबीने सुपरमार्केट फोडलं. आमच्याकडे तो बर्फ इतका कोरडा आणि बारीक होता की माळ्याच्या व्हेंटमधून आत जाऊन इन्सुलेशनवर पिठाचा थर बसला होता, आणि मजा म्हणजे त्याचा माणूस होईना, गोळाच बांधला जात नव्हता. माणूस करायला थोडा ओला बर्फ लागतो, शून्याच्या आसपासचा, १ मार्चसारखा. तुमच्या मुलीच्या दृष्टीने काठावरचा आयरिश बर्फच बरा.

पण व्होर्टेक्स फुटला म्हणजे बर्फ आलाच असंही नाही. जानेवारी २०२४ च्या मध्याला असाच प्रकार झाला, इंटरनेटवर लोकांनी स्लेज काढून ठेवल्या, आणि आलं काय तर ईशा आणि जोसलिन. थंडी कुठल्या बाजूला सांडते हे नशीब, बऱ्याचदा ती अमेरिकेला किंवा आशियाला जाते. एल निनोचं नाव पण त्या हिवाळ्यात खूप घेतलं गेलं, आपल्याकडे भारतात त्याचं वजन मोठं आहे, इथे मात्र त्याचा धागा फार पातळ आहे.

ॲपचं काय ते सांगतो. फोनवरचं बर्फाचं चित्र बहुतेक वेळा हवामानाचा अंदाज काढणाऱ्या एका कॉम्प्युटर मॉडेलच्या एका रनमधून (एका वेळच्या गणितातून) आलेलं असतं, कोणी माणसाने बघितलेलं नसतं. अमेरिकन जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि प्रत्येक वेळी सोळा दिवसांचं चित्र काढतं. पाच-सहा दिवसांपलीकडच्या भागाला इथे फँटसी आयलंड म्हणतात, तिथे कायम बर्फ पडत असतो. रात्री दहाच्या सुमाराला येणाऱ्या रनचं टोपणनाव पब रन, कारण त्यातला बर्फ दोन पाइंट झाल्यासारखा असतो. सकाळी उठून बघावं तर गायब. तुमच्या ॲपने ते चित्र दाखवलं तेव्हा कोणी खोटं बोललं नव्हतं, पण बहुतेक दहा दिवस पुढचं होतं ना?

मी स्वतः असं बघतो. पाच दिवसांपलीकडे फक्त वाऱ्याची दिशा, बाकी काही नाही. वारा पश्चिम किंवा नैऋत्येचा राहणार असेल तर चार्ट बंद करून झोपतो. पूर्वेचा दिसायला लागला तर युरोपियन ईसीएमडब्ल्यूएफ, ब्रिटिश आणि अमेरिकन मॉडेल एकमेकांशी जुळतायत का ते बघतो. तीन दिवसांवर आलं की दीड किलोमीटर उंचीवरचं तापमान, त्याला चार्टवर ८५० हेक्टोपास्कल लिहिलेलं असतं. समुद्रावरून येणाऱ्या सरींना तिथे उणे ८ तरी पाहिजे, उणे १० असेल तर मी फावडं बाहेर काढतो. एक दिवसावर आलं की मॉडेल सोडून प्रत्यक्ष नोंदी, मेट एरनच्या साईटवर तासातासाला येतात, त्यात ड्यू पॉइंट बघायचा, शून्य किंवा खाली असेल तर आशा. होथच्या पूर्वेला समुद्रात एम२ नावाचा बॉया आहे, त्यावरून पाणी किती गरम ते कळतं. आणि शेवटचे तीन तास फक्त रडार आणि समोरचा दिवा. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, वाऱ्याची दिशा आणि मेट एरनची यलो-ऑरेंज वॉर्निंग एवढं बघितलं तरी ॲपपेक्षा पुढे जाल.

आता बर्फ तुमच्याकडे येत नसेल तर तुम्ही त्याच्याकडे जा, हा माझा खरा सल्ला. दर ३०० मीटर वर गेलं की साधारण २ डिग्री कमी होतात, म्हणजे खाली पावसात भिजणारे दिवस वर पांढरे असतात. विकलोचे डोंगर तुमच्यापासून तासाभराच्या आत आहेत. सॅली गॅप ५०० मीटरच्या आसपास, विकलो गॅप पण जवळपास तेवढाच, आणि या बिनबर्फाच्या म्हणवल्या जाणाऱ्या हिवाळ्यातसुद्धा वरती पांढरे दिवस होतेच.

पण जाताना अक्कल वापरा. बर्फ पडत असताना जाऊ नका, पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. सॅली गॅपचा रस्ता अरुंद आहे, मीठ नीट टाकलेलं नसतं, इथे कोणी विंटर टायर लावत नाही, आणि दर वेळी अर्ध्यात अडकलेल्या गाड्या काढायला गार्डा (इथले पोलीस) आणि माउंटन रेस्क्यूवाले जातात. रस्ता बंदचा बोर्ड असेल तर मुकाट मागे फिरा. त्यापेक्षा डब्लिनच्या डोंगरातल्या टिकनॉकला खाली गाडी लावून चालत थ्री रॉकच्या दिशेने वर जा, अर्ध्या-पाऊण तासात फरक दिसतो आणि मुलगी दमली तर परत यायला सोपं. साधे बूट नकोत, वेलीज (रबरी गमबूट) आणि आत जाड मोजे, आणि हातमोज्यांचे दोन जोड, कारण पहिला जोड पाच मिनिटांत ओला होतो आणि मग रडारड. स्लेज शोधत बसू नका, बर्फाच्या बातमीनंतर दुकानात मिळत नाही, सप्टेंबरमध्ये घेऊन ठेवा नाहीतर जाड प्लास्टिकची पिशवी चालते.

कोणी म्हणेल स्कॉटलंडला जा, केर्नगॉर्म्सला हमखास मिळतो. मिळतो, पण तुम्ही अजून भारतीय पासपोर्टवर असाल तर त्याला युकेचा व्हिसा लागतो, आणि मोर्न डोंगरांकडे म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडमध्ये जायलाही कागदोपत्री तोच लागतो, वाटेत चौकी दिसत नाही म्हणून लोक गृहीत धरतात. आल्प्स किंवा फिनलंडला जायचं तर शेंगेन व्हिसा, कारण आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. फेब्रुवारीच्या मिडटर्म ब्रेकला जायचं मनात असेल तर अपॉइंटमेंट दिवाळीच्या सुमारालाच बघा.

थोडक्यात विचारलंत तर: हिवाळा उबदार होता पण इथल्या मानाने जगावेगळा नव्हता, किनाऱ्यावर राहता म्हणून तुम्हाला शेजाऱ्यांपेक्षाही कमी दिसला, हवामान बदलाचा हात आहे पण तो काठावरच्या छोट्या बर्फांवर जास्त दिसतो, आणि पुढच्या वर्षीचं मी काय कोणीच सांगू शकत नाही. डिसेंबरपासून वाऱ्याची दिशा बघत राहा. आणि ताई, तुम्ही घर बदलायचा विचार करताय असं खाली कमेंटमध्ये लिहिलंय, तर फक्त बर्फासाठी आत किल्डेअरला जाऊ नका, रोजची एम५० ची (डब्लिनभोवतालच्या मोटरवेची) ट्रॅफिक वर्षभर आहे आणि बर्फ दोन दिवस. जायचंच असेल तर रॅथफार्नमच्या वरची बाजू किंवा ग्लेनकलनकडचा भाग बघा, उंचीही मिळेल आणि ऑफिसही फार लांब पडणार नाही. ऑफिस नक्की कुठे आहे ते लिहा, मग बसची सोय बघून सांगतो.